देवघरातला टोपीवाला

गोरा साहेब मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो सासरच्या देवघरात. हसाल तुम्ही, पण खोटं सांगत नाही.

जन्म माझा हिंगोलीचा. तिथं एके काळी साहेबाची छावणी होती म्हणे, पण मी जन्मायच्या कितीतरी आधी ती उठून गेली. मागं राहिले ते ओसाड बंगले, झाडीत बुडालेली त्यांची थडगी आणि म्हाताऱ्यांच्या गप्पा. मला ठाऊक असलेला साहेब एकच, मिलच्या कापडाच्या ठाणावर चिकटवलेल्या रंगीत कागदातला. डोक्यावर टोपी, गुलाबी गाल, वीतभर नाक. आम्ही रंगारी. बाप त्या कागदाकडं बघून म्हणायचा, "ह्या टोपीवाल्यानं आपले माठ कोरडे पाडले." आणि असं म्हणून तोच कागद पाण्यानं अलगद सोडवून भिंतीला लावायचा. राग येऊनही त्याला रंग फेकवत नसे. बापाचं सगळं असंच.

मुलीला धंदा शिकवायची रीत नव्हती, पण घरात माठ असले की शिकवावं लागत नाही. आलीच्या झाडाच्या मुळ्या कुटल्या की लाल, त्याला आधी हिरडा आणि तुरटी पाजायची. निळीचा माठ वेगळा, त्याला नजर लावायची नाही. लोखंडाचे तुकडे गुळाच्या पाण्यात कुजवले की काळा. हे पक्के रंग. हळद मात्र कच्ची, ऊन लागलं की उडते, आणि साबण लागला की कुंकवासारखी लाल होऊन बसते. बाप सांगायचा, तिकडं पूर्वेला समुद्राच्या बंदरावर असे कारागीर होऊन गेले की कापडावर ठसे न मारता कलमानं चित्रं काढायचे. देव काढायचे, झाडं काढायचे, आणि साहेबानं सांगितलं तर साहेबसुद्धा काढायचे. "पक्क्या रंगाला जेवढं धुवावं तेवढा तो हसतो," असं तो म्हणायचा. मला वाटायचं, बापाच्या बढाया. कोण कशाला साहेबाचं चित्र अंगावर पांघरेल?

तेराव्या वर्षी माझं लग्न झालं. सासर गोरेगावच्या पलीकडं, वाशीमच्या सडकेपासून दोन कोसांवर. सासरचेही रंगारीच, पण त्यांनी माठ कधीचे पालथे घालून शेती धरली होती. सासू वसमतची, तीही रंगाऱ्याचीच लेक. सासरे मी यायच्या आधीच गेले होते. एक नणंद, तिनं माझ्या लग्नात मिरवून घेतलं आणि वर्षाच्या आत स्वतः लग्न होऊन दूर वऱ्हाडात गेली. राहिलो तिघं. सासू, हे आणि मी.

ह्या घरात एक पडदा होता. देवाचा पडदा. पाच हात लांब, दोन हात रुंद सुती कापड, अंगठ्यानं चोळलं तर बोट पिवळं व्हावं इतकी हळद त्यात मुरलेली. कुणी म्हणे आजेसासऱ्यांच्या बापाला तो एका तांड्याच्या नायकानं दिला. तांडे तेव्हा बैलांवर मीठ लादून बंदराकडून यायचे, त्या मिठाच्या गोणीवर हे कापड टाकलेलं होतं. घोड्यावर बसलेला, कमरेला तलवार, पायाशी कुत्रं, शेजारी बायको. आता असं ध्यान पाहून कुणी दुसरं काय म्हणेल? खंडोबाच म्हणेल. थोरल्यांनी तिथंच भंडारा उधळला, आणि मीठ राहिलं बाजूला, देव घरी आला.

तेव्हापासून दर चंपाषष्ठीला पडदा टाकांच्या मागं लावायचा, भंडारा उधळायचा, आणि धुवायचा कधीच नाही. तीन पिढ्यांची हळद. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यावर पिवळ्या ढगात हलणाऱ्या सावल्यांपलीकडं काही दिसत नव्हतं. हा घोडा, असं सांगितलं की घोडा दिसायचा. ही म्हाळसा, म्हटलं की म्हाळसा.

आणखी एक रीत होती त्या घराची, ती मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. घरातलं माणूस लांब निघालं की दोन बायांनी उंबऱ्यावर पडदा दोन टोकांना धरायचा आणि जाणाऱ्यानं मान वाकवून खालून बाहेर पडायचं. परत आलं की तसंच खालून आत यायचं. मधल्या दिवसांत ते माणूस देवाच्या पदराखाली. पडदा हातांनीच धरायचा, खुंटीला बांधलेला चालत नाही. नवी नवरी म्हणून मी त्याच्याखालून आत आले, एका टोकाला सासू, दुसऱ्याला नणंद. हळदीचा असा ठसका लागला की पहिलंच पाऊल मी शिंकत टाकलं. सासू म्हणाली, "शिंकली! आता टिकते बघा ही." तेवढं एक वाक्य ती माझ्याशी हसून बोलली असेल. पुढं हिंगोलीला माहेरी जायचे-यायचे, पण ते लांब धरत नसत, त्यामुळं पडद्याखालून पुन्हा गेले नाही.

आमचे मालक अबोल. पण अबोलातही माया असते, ती मला कळायची. शेतातून येताना ओढ्याकाठची कसलीतरी फुलं आणायचे, माझ्या हातात द्यायचे नाहीत, पाटावर ठेवून जायचे. आता ही ठेवली कुणासाठी हे विचारायचीही सोय नाही. मी घ्यायची आणि वेणीत घालायची, तेव्हा कुठं मान वर करायचे.

साहेबाची लढाई सुरू झाली त्याच्या दुसऱ्या वर्षी हे वाशीमच्या बाजाराला म्हणून गेले आणि फौजेत नाव लावून आले. मोटार चालवायला शिकवतात म्हणे! आमच्या गावात तेव्हा मोटार म्हणजे काय तर धुरळा. पण ह्यांच्या डोक्यात ती मोटारच बसली. सासूनं आकांडतांडव केलं. मी काय बोलणार? रात्री नव्हे, दिवसाढवळ्या, भाकरी वाढताना एवढंच म्हटलं, "किती दिवसांसाठी?" म्हणाले, "दोन वर्सं. लय झाली तर अडीच."

निघताना पडदा धरला. एका टोकाला मी, दुसऱ्याला सासू. हे खालून गेले. उंच होते, हळद केसांना लागली. मला पुसायची होती, पण माझे दोन्ही हात पडद्याला.

पहिल्या वर्षात तीन पत्रं आली. कुणाकडून तरी लिहवून घेतलेली, गावचे मास्तर वाचून दाखवायचे. एकात होतं, इथं वाळूच वाळू, झाड नाही. दुसऱ्यात, मोटार चालवतो, बरा आहे. तिसऱ्यात शेवटी एक ओळ होती, घरच्यांनी तब्येत सांभाळावी. मास्तरांनी वाचलं आणि सासू म्हणाली, "मला म्हणून राहिला." मला ठाऊक होतं कुणाला म्हणाले ते. मी चुलीकडं तोंड करून बसले.

सासूनं तेव्हा नवस धरला. पोरगा पडद्याखालून आत येईपर्यंत दर रविवारी पडदा लावायचा, भंडारा वाहायचा. चंपाषष्ठीपुरता असलेला देव आता आठवड्याला बाहेर निघू लागला. सासू त्याच्यापुढं बसून बोलायची. पुटपुट नव्हे, बोलायचीच. ज्वारीला कणीस धरलं, म्हैस आटली, अमक्याची लेक नांदायला गेली, तू जेवला का रे लेकरा. घोड्यावरच्याला सगळं सांगायची आणि उठली की माझ्याकडं बघून, "डाळ घातली का शिजायला?" बस्स. आठवड्याचा आमचा सगळा बोलण्याचा व्यवहार डाळीत आणि सरपणात संपायचा. दोन माणसांच्या घरात किती शांतता मावते हे मला विचारा.

तिचे गुडघे धरले तसं देवघर माझ्याकडं आलं. मग दिसलं की पडदा संपत चालला आहे. हळद, समईचं तेल, वरून पावसाळी दमट हवा. कसर लागली होती, घडीवर घडी चिकटत होती. माझ्यातली रंगाऱ्याची लेक गप्प बसेना. कापड मरताना मला बघवत नाही, त्यावर देव असो की नसो. पण धुवायचा नाही म्हणजे नाही. आणि तो फाटला तर हे कशाखालून आत येणार, हाही घोर होताच.

सासू भावाकडच्या लग्नाला वसमतला गेली, आठ दिवसांसाठी. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात मी एकटी. दुसऱ्या दिवशी पडदा टोपलीत घातला, वर पालापाचोळा टाकला, चोरासारखी ओढ्यावर गेले.

साबण लावला असता तर सगळं कुंकू झालं असतं, तेवढी अक्कल होती. आधी रिठ्याच्या पाण्यानं तेल काढलं. मग बापाची रीत, शेळीच्या लेंड्यांच्या पाण्यात भिजवून वाळूवर उन्हात पसरायचं, सुकू द्यायचं नाही, वरून पाणी शिंपत राहायचं. देवाचं वस्त्र लेंड्यांत! पण हाताला काम ठाऊक होतं. तीन दिवस चाललं हे. कुणी दिसलं की त्यावर लुगडं पसरायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी ऊन हळद खात गेलं आणि खालून लाल वर आला. आधी घोडा. झूल, घुंगरं, आपल्या लग्नातल्या घोड्यासारखा सजलेला. मग कुत्रं, लोंबत्या कानांचं. मग तलवार. मी खूश. बाप खरं बोलत होता, धुतलं तसं रंग हसत होता. मग वरचं तोंड निघालं.

डोक्यावर टोपी. थाळीएवढी रुंद, तिला पीस खोचलेलं. खांद्यावर बाईसारखे कुरळे केस. नाक असं की आधी नाक येईल मग माणूस. अंगरख्याला गळ्यापासून खाली गुंड्याच गुंड्या, पायात घट्ट विजार, आणि ज्या हातात मी आजवर भंडाऱ्याची वाटी समजत होते त्यात पेला. म्हाळसा शेजारी उभी होती, कणगीएवढा घागरा घालून, हातात फूल धरून, आणि नवऱ्याकडं पाठ करून.

आधी मी हसले. खरं सांगते, ओढ्यावर एकटी बसून पोट धरून हसले. तीन पिढ्या ह्या टोपीवाल्याला आम्ही नैवेद्य दाखवला! पुरणाची पोळी दाखवली! मग हसू थांबलं. वळून बघितलं, हे सांगायला कुणीतरी असावं म्हणून. वाळूवर माझीच पावलं होती.

बराच वेळ बघत बसले. ज्यानं कुणी काढला त्यानं साहेब काढला खरा, पण डोळे आपले दिले होते. लांब, कानाकडं ओढलेले, काजळ घातलेले. साहेबाच्या तोंडात आपल्या देवाचे डोळे. त्या कारागिराला दुसरे डोळे काढता येत नसतील, नाहीतर त्याला दया आली असेल. कारण तो मला देखणा वाटला नाही, बापुडवाणा वाटला. घरदार सोडून इतक्या लांब आला, बायको पाठ करून उभी, आणि हातात पेला घेऊन पीत नाही, नुसता समोर बघून राहिला. मला ह्यांची वाळू आठवली.

आणखी एक दिसलं. टोपीच्या काठावर बोटभर फाटलं होतं आणि तिथं रफू होतं. इतकं नेमकं की लाल रेघेला लाल धागा, काळीला काळा. मनात आलं, पूर्वी कुणाचा तरी हात चांगला होता. त्यापुढं विचार केला नाही. मूर्ख मी.

घरी आणला. आता करायचं काय? सासूला सांगावं तर तिचा देव जातो. तिच्याजवळ पोरगा नव्हता, नवरा नव्हता, गुडघे नव्हते. होता तो हा एक घोडेस्वार. त्याला मी हातातून काढून घेऊ? मी हळद काढली, तेलात कालवली, आणि रंगाऱ्याच्या पोरीनं जे कधी करू नये ते केलं. पक्क्या रंगावर कच्चा थापला. टोपी झाकली, नाक झाकलं, पेला झाकला. त्याच्या डोळ्यांवर हात फिरवताना वाईट वाटलं, म्हणून डोळे शेवटी झाकले.

सासू आली. पाय धुऊन देवघरात गेली. पडद्यापुढं उभी राहिली ती हलेना. माझा जीव टांगणीला. मग म्हणाली, "हळद नवी दिसून राहिली."

"व्हय, रविवार होता ना आत्याबाई."

"बराबर," म्हणाली, आणि बसली बोलायला त्याच्याशी. वसमतचं सगळं लग्न त्याला सांगितलं, नवरीचं नाक कसं, जेवणात मीठ कसं कमी. मी दाराआड उभी राहून ऐकलं. मला नुसतं सांगितलं, "बरं झालं लग्न."

आणि त्यानंतर पत्र आलं नाही.

एकही नाही. महिना गेला, वर्ष गेलं. तुम्ही म्हणाल, लढाईत पत्रं कुठली. हे मला आज कळतं. तेव्हा मी वीस-एकवीस वर्षांची, आणि मला एवढंच दिसत होतं की मी पडदा धुतला आणि पत्रं थांबली. तो देव असेल तर मी त्याला लेंड्यांत बुडवलं होतं. आणि देव नसेल, नुसता टोपीवाला असेल, तर आम्ही दोघी हात कुणाला जोडत होतो? त्याच साहेबाच्या फौजेत माणूस गेलेला आणि त्याच साहेबाला, बाबा सुखरूप आण, म्हणून भंडारा! दोन्हीकडून माझंच मरण. बाप तोवर वारला होता. सांगावं असं उरलं नव्हतं कुणी.

मग मीही रविवारी त्याच्यापुढं बसायला लागले, सासूचं झाल्यावर. मनातल्या मनात भांडायची. मेल्या, खातोस तर आमचं, आणि माणूस ठेवून घेतलास तिकडं? सोड की. पिवळ्या ढगाआडून तो माझ्याकडं बघतो आहे हे मला एकटीलाच ठाऊक होतं. एका घरात दोन बाया, दोघी त्याच कापडाशी बोलायच्या, पाळी लावून. उठल्यावर एकमेकींना विचारायचो, डाळ शिजली का.

लढाई संपली असं मास्तर म्हणाले. त्यानंतर कधीतरी एक कागद आला. मास्तरांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "लापता लिहिलंय."

सासूनं विचारलं, "म्हंजे मेला न्हाई ना?"

"तसं लिहिलं न्हाई."

"मग झालं," म्हणाली सासू, आणि मला म्हणाली, "कुंकू पुसायचं न्हाई, ऐकलं का." कुंकू राहिलं. हळदीकुंकवाला मात्र बाया बोलवताना अडखळायच्या. विधवा म्हणावी तर तोंड उचलत नाही, सवाष्ण म्हणावी तर हात उचलत नाही. मीच मग जाणं सोडलं. किती चिडायची मी तेव्हा, सगळ्यांवर, भांड्यांवरसुद्धा. आदळआपट केली की सासू नुसती बघायची.

अशी आठ वर्षं झाली. मग तो भादवा आला. गौरी नुकत्याच गेल्या होत्या. साहेब देश सोडून गेला होता, पण आमच्या मुलखात अजून नबाबाचंच राज्य होतं; त्याच्या हत्यारबंद टोळ्यांच्या भीतीनं त्या वर्षी लोक दिवसाही दारं लावून बसायचे. एक दिवस गावात ओरडा झाला, हिंदुस्थानची फौज वाशीमकडून सडकेनं येऊन राहिली, मोटारीच्या मोटारी! गावातली माणसं सडकेकडं पळत सुटली. मी चुलीपाशी होते. बघते तर सासू देवघरातून पडदा काढून काखेत मारून उभी.

"चल."

"कुठं आत्याबाई?"

"फौजेत गेला व्हता, फौजेसंगच येईल. मोटार चालवतो ना त्यो? मोटारीच येऊन राहिल्या. आठ वर्सांत आपली तोंडं वळखायची न्हाईत त्याला. पडदा वळखंल."

काय बोलायचं ह्यावर? दोन कोस. तिचे गुडघे ते तसले. दर शेताच्या बांधावर बसत, उठत, गेलो. मी तिला समजावत होते असं नाही हो. माझ्याही मनात तेच चाललं होतं. मी केस नीट केले होते निघताना.

सडकेच्या कडेला माणसंच माणसं. आम्ही एका बाभळीजवळ जागा धरली. सासू म्हणाली, "धर." एक टोक तिनं घेतलं, एक मी, डोक्याच्या वर उंच धरला. आणि पहिली मोटार दिसली तेव्हाच पाऊस आला. मोठा नव्हे, भादव्याची झिमझिम. लोक ओरडत होते, हात हलवत होते. मोटारीतले जवानही हसून हात हलवत होते. सासू प्रत्येक मोटारीत पुढं बसलेल्याचं तोंड बघत होती, मान वाकडी करकरून. मीही बघत होते.

आणि हळद उतरायला लागली. माझ्या मनगटावरून पिवळं पाणी कोपरापर्यंत आलं. मी तेलात कालवून थापलेली बसून राहिली असती, पण तिचं तेल कधीचं सुटलं होतं, आणि दर रविवारची कोरडी हळद तर नुसती वरवर थर होऊन बसलेली. वर बघितलं तर टोपीचा काठ. मग पीस. मग नाक! माझा जीव गेला. मोटारींकडं बघायचं सोडून मी पडदा खाली घेतला, पदर ओढून त्यावर टाकायला लागले, एका हातानं, वेड्यासारखी.

"काहून झाकून राहिलीस?" सासू म्हणाली. नजर सडकेवरच.

"भिजतोय आत्याबाई."

"भिजू दे. टोपीवरलं रफू हाय का अजून, का निघालं?"

मी पदर बाजूला करून टोपीचा काठ बघितला, रफू होतं. पाऊस डोळ्यांत जात होता.

"माझं हाय ते," ती म्हणाली. "तुझ्यासारखीच आली मी या घरात रंगाऱ्याची. मलाबी बघवलं न्हाई. आन् तू धुतलास ते मला उंबऱ्यातच कळलं. अशी एकसारखी हळद लावतंय व्हय कुणी? रंगाऱ्याचाच हात त्यो."

माझ्या तोंडून मग सगळं बाहेर पडलं. एवढी वर्षं दाबलेलं, तिथं त्या गर्दीत. "मी धुतला आन् पत्रं बंद झाली आत्याबाई! माझ्यानं झालं हे!"

"येडी का तू? मी धुतला त्या साली पोटात पोर राहिलं माझ्या. आठ वर्सं न्हवतं राहिलं. आपल्या धुण्यानं ना कुणी येत, ना कुणी जात. हे घोड्यावरलं बिचारं काय करतंय? त्याचंच त्याला धड न्हाई." आणि तिनं पुन्हा एका मोटारीत वाकून बघितलं. मीही पडदा पुन्हा वर धरला.

मोटारी संपल्या. शेवटच्या मोटारीमागं थोडा धूर राहिला, मग तोही गेला. त्यांत हे नव्हते. नंतरही कधी आले नाहीत, हे आत्ताच सांगून टाकते.

लोक पांगले. आम्ही तशाच उभ्या, हात वर करून, मधे तो टोपीवाला, धुतल्या तांदळासारखा स्वच्छ. मला राग आला. म्हटलं, "तुमाला ठावं होतं तर मग दर रविवारी हात कुणाला जोडत होता? कुणाशी बोलत होता एवढं?"

सासूनं हात खाली घेतले. पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"लेकरू गेल्यावर कुणाशी तरी बोलाया पायजे व्हतं गं. घरात दुसरं व्हतं कोण?"

"मी होते की," मी म्हटलं. "मी होते की, आत्याबाई."

पडदा तिनं पिळला, घडी केली आणि आम्ही चालायला लागलो. परतीच्या दोन कोसांत ती माझ्या खांद्यावर भार देऊन चालली. एरवी काठीशिवाय कुणाला हात लावत नसे.

घराशी आलो. मी कुलूप काढून आत पाऊल टाकणार, तशी म्हणाली, "थांब." पडद्याची घडी उलगडली. एक टोक तिनं दाराच्या खुंटीला बांधलं. जे चालत नाही म्हणून तीन पिढ्या सांगत आल्या, तेच. दुसरं टोक हातात धरून जमेल तेवढा हात उंच केला, दुखऱ्या गुडघ्यावर उभी राहून.

"ये," म्हणाली. "लय दिवस बाहेर ठिवलं तुला. खालून ये."

मी मान वाकवून आत गेले. आत जाऊन आधी रडले, मग चूल पेटवली.